७८ कॅरेट

चोपडा तालुक्यात अकरावी कॉमर्सला गणित शिकवतो. परवाच्या घटक चाचणीतला एक पेपर अजून माझ्या पिशवीत आहे.

गणित मीच रचलेलं. पिकअपमध्ये जास्तीत जास्त १५०० किलो वजन चालतं. चार हमालांचं २४० किलो. केळीचं भरलेलं कॅरेट १६ किलोचं. किती कॅरेट बसतील? मांडणी, सोडवणं, उत्तर, प्रत्येकी १ गुण.

निम्म्या वर्गाने १६क्ष + २४० ≥ १५०० लिहिलं. दरवर्षी हेच. 'जास्तीत जास्त'मध्ये 'जास्त' दिसलं की पोरं मोठ्याचं चिन्ह टाकतात, 'कमीत कमी'त 'कमी' दिसलं की लहानाचं. ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं, हे आम्ही घोकून घेतो. या दोन शब्दांना एक तासही देत नाही. ज्यांचं चिन्ह बरोबर आलं त्यांनी १२६० ला १६ ने भागलं, ७८.७५ आलं, आणि सवयीनं ७९ केले.

एका पोराने एवढंच लिहिलं होतं: '७८. ७९ ला १५०४ होतात.' क्ष नाही, असमानता नाही. मी १ गुण दिला.

पेपर वाटल्यावर तो टेबलापाशी आला. "सर, मन्हं काय चुकनं?"

"मांडणी कुठंय?"

"८० धरले, १५२० झाले. मग एकेक उतरवत आलो."

वडील केळीच्या गाड्या भरतात त्याचे. पाटे दबले की कॅरेट उतरवायचं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. उत्तराच्या पुढची संख्या घालून ताळा करा, असं मी वर्षभर ओरडतो. अख्ख्या वर्गात तो त्यानेच केला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला फळ्यापाशी बोलावलं. १६क्ष + २४० झटकन लिहिलं. चिन्हापाशी खडू थांबला. "१५०० च्या वर जाऊ द्यायचं नाही ना सर?" मी मान हलवली. त्याने ≤ काढलं. मग सगळ्यांकडून वहीत लिहून घेतलं: जास्तीत जास्त म्हणजे वर जाऊ द्यायचं नाही, कमीत कमी म्हणजे खाली येऊ द्यायचं नाही.

त्याचा १ गुण अजून तसाच आहे. वाढवला तर बारावीच्या बोर्डालाही तो मांडणी सोडून येईल, आणि तिथला तपासनीस त्याला ओळखत नाही. पण ज्यांनी ७९ लिहून गाडीत ४ किलो जास्त भरले, त्यांना मी २ दिलेत.