कोंडागावचे हापसे

रायपूर-जगदलपूर बसमधले बहुतेक पर्यटक चित्रकोटच्या धबधब्याला निघालेले असतात. मी जगदलपूरच्या सुमारे ७५ किलोमीटर अलीकडे, छत्तीसगडच्या बस्तर भागातल्या कोंडागावला उतरलो. रायपूरहून धमतरी, कांकेर आणि केशकालचा घाट धरून अंदाजे सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. आपल्याकडून येणाऱ्यांनी मुंबई-हावडा मार्गावरची गाडी धरून रायपूर गाठावं आणि पुढे बस पकडावी.

बघायचे होते ते हापसे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या कलाकार नवज्योत अल्ताफ १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून इथे राजकुमार कोर्राम, शांतीबाई आणि गेस्सूराम या स्थानिक कलाकारांबरोबर काम करत आल्या. गावातली मुलं, बाया आणि कारागीर यांना एकत्र बसवून त्यांनी हातपंपांभोवतीच्या जागा नव्याने घडवल्या. त्यांना इथे नलपार म्हणतात. पंप मात्र नेहमीचाच, इंडिया मार्क टू. त्याचे पूर्वज आपल्याच मुलखातले, जालना आणि सोलापूरकडे बनलेले. त्यांच्यावरूनच १९७०च्या दशकात हा पंप बेतला गेला.

नलपारचं मर्म पंपाभोवतीच्या भिंतीवरच्या नक्षीत शोधायला जाऊ नका. ते भिंतीतल्या, हंडा टेकवायच्या कट्ट्यात आहे. मिनिटाला चाळीसेक वेळा हापसलं की बारा लिटर पाणी येतं, म्हणजे पंधरा लिटरच्या हंड्याला पन्नास दांडे. हापसून झालं की खरी कसरत पुढेच: हंड्याच्या वजनासकट सोळा-सतरा किलोचा भार जमिनीवरून उचलून थेट डोक्यावर. एकटीने करायचं तर आधी मांडीवर, मग खांद्याशी, मग चुंबळीवर, आणि दर हिसक्याला कंबर बोलते. मध्ये कंबरेच्या उंचीवर एक टप्पा आणि त्याच्या वर दुसरा असला की हंडा टेकत टेकत चढतो, कुणाला ‘जरा हात लाव गं’ म्हणावं लागत नाही. टप्प्याची उंची कागदावरून ठरवता येत नाही. भरलेला हंडा घेऊन बाईला उभं करायचं, तिचा हात जिथे आपसूक थांबतो तिथे भिंतीवर कोळशाची रेघ मारायची. उंच आणि बुटक्या अशा तीन-चार जणींच्या रेघा जुळवल्या की माप मिळतं. मूर्तिकाराला साचा आणि सिमेंट कळतं, हे माप त्या बायांना कळतं. कौशल्याची देवाणघेवाण म्हणतात ती हीच, आणि ती दोन्हीकडून होते.

असा हापसा बांधायला घ्याल तर फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. कट्टा सपाट केला तर गोल बुडाचा हंडा घरंगळतो, म्हणून उथळ खळगा हवा आणि खळग्यात पाणी साचू नये म्हणून त्याला एक बारीक खाच. कडा गोल माराव्यात, धारदार कडेला पितळेचा हंडा आपटला की आधी सिमेंटचा टवका उडतो. दांड्याच्या बाजूला भिंत आणू नये, हापसणारीचं कोपर घासतं. वर छप्पर तर मुळीच नको, कितीही देखणं असलं तरी. दुरुस्तीत तीन-तीन मीटरचे पाइप सरळ वर खेचून काढावे लागतात. पंपातलं वायसर झिजून पाणी कमी येऊ लागलं की ही वेळ येतेच.

ओट्याला उतार आणि पुढे निदान पाच-सहा मीटरची नाली द्यावी, तिचं तोंड शोषखड्ड्यात किंवा सरळ परसबागेत. उतार चुकला की चिखल, डास, गुरांचा राबता, आणि मग नक्षीकडे कोण बघतो? पंपाच्या पायाशी भेग पडली की घाण पाणी थेट बोअरमध्ये उतरतं, त्यामुळे तिथलं काँक्रीट भक्कम हवं. ओल्या भिंतीवर रंगाचे पोपडे सुटतात, म्हणून चित्रापेक्षा सिमेंटचा उठाव बरा. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो घाईचा. सिमेंटला सात दिवस पाणी मारून पंप बंद ठेवावा लागतो. तेवढे दिवस पाण्याची दुसरी सोय आधी केली नसेल तर दुसऱ्याच सकाळी हंडे येऊन टेकतात, आणि त्यात बायांचं काय चुकलं?

याच मंडळींनी मुलांसाठी पिला गुडीही बांधल्या. पिला म्हणजे मूल, गुडी म्हणजे देऊळ, पण आत देव नाही. मुलांनी जमावं, हाताने काहीतरी करावं, एवढ्यासाठीच त्या.

कोंडागावात ढोकऱ्याचं, म्हणजे मेणाच्या साच्यातलं पितळेचं ओतकाम बघितल्याशिवाय परतू नका. मातीच्या गाभ्यात भाताचा कोंडा मिसळतात. तो भट्टीत जळून जातो आणि वाफेला वाट मिळते. त्यावर मेणाच्या तारा, मग पुन्हा मातीचे थर. मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी पितळेचा रस ओततात; मेणाच्या नऊ-दहा पट वजनाचं पितळ लागतं. साच्यात ओल राहिली तर रस ओतताना तो फुटतो, त्यामुळे पावसाळ्यात काम रेंगाळतं.

जायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हापशावर सकाळी आणि सांजेला गर्दी असते, कट्टा वापरात बघायचा तर तेव्हाच जावं. बायांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये आणि रांगेच्या मध्ये उभं राहू नये.