एका येनच्या नाण्याहून कमी जोर

सागामिहाराला राहायला आल्यापासून पाहुण्यांना जाक्सा या जपानी अंतराळ संस्थेच्या आवारात नेणं माझ्याकडे लागलंय. बाहेर आडवं ठेवलेलं एम-व्ही रॉकेट दिसलं की फोटोंसाठी सगळे तिथेच थांबतात. माझा जीव मात्र अशाच रॉकेटने ९ मे २००३ रोजी वर नेलेल्या हायाबुसा यानात अडकलाय.

५१० किलोचं हे यान इतोकावा लघुग्रहाचे नमुने पृथ्वीवर आणायला निघालं ते चार आयन इंजिनांच्या भरवशावर. एकेकाचा जोर सुमारे ८ मिलिन्यूटन. इथलं एक येनचं नाणं एक ग्रॅमचं असतं. ते तळहातावर ठेवल्यावर जेवढा भार पडेल, त्याहूनही कमी! पण अंतराळात अडवायला हवा नाही आणि इंजिन हजारो तास चालवता येतं. मायक्रोवेव्हने झेनॉन वायूचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, करायचे आणि विद्युतभारित जाळ्यांमधून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने मागे फेकायचे. रासायनिक इंजिनाच्या साधारण दहापट वेग, त्यामुळे थोडक्या इंधनात लांबचा पल्ला.

नुसते धन आयन फेकून भागत नाही. यान ऋणभारित होऊन तेच आयन परत ओढू लागतं. म्हणून प्रत्येक इंजिनाला इलेक्ट्रॉन सोडणारा न्यूट्रलायझर जोडलेला असतो, आणि दुखणं नेमकं तिथेच निघालं.

२००५ मध्ये इतोकावावर उतरल्यानंतर रासायनिक इंधन गळालं, दीड महिना संपर्क तुटला, परतीचं वर्ष २००७ वरून २०१० वर गेलं. त्यात ४ नोव्हेंबर २००९ ला ए, बी, सी, डी या चार इंजिनांपैकी 'डी'ही बंद पडलं. 'ए' सुरुवातीपासूनच रुसलेलं, 'बी'चा न्यूट्रलायझर गेलेला, 'सी' कसंबसं तग धरून. तेव्हा आयन इंजिनांचं काम पाहणाऱ्या हितोशी कुनिनाका यांच्या चमूने 'ए'चा न्यूट्रलायझर आणि 'बी'चा आयन फेकणारा भाग यांची जोडी जमवली. दोन अर्ध्यांचं एक इंजिन चाललं!

पाहुणे इथे हमखास "जुगाड!" म्हणून टाळी देतात. मला ते पटत नाही. ही जोडी जमावी म्हणून उड्डाणाआधीच सर्किटमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवलेला होता. आयत्या वेळी सुचलेली युक्ती आणि कागदावर आधी करून ठेवलेली तरतूद, यात माझं मत दुसरीच्या बाजूने.

१३ जून २०१० ला यान वातावरणात जळून गेलं. त्याने सोडलेली नमुन्यांची कुपी ऑस्ट्रेलियात वूमेराच्या वाळवंटात सुखरूप उतरली. आत इतोकावाचे धुळीचे कण निघाले.

इकडे आलात तर फुचिनोबे स्टेशनवर उतरा, तिथून रमतगमत चालत जाता येतं. प्रदर्शनाला तिकीट नाही. फक्त सुट्टीचा दिवस आधी बघून घ्या.