कासवाच्या पोटातली नळी

मे महिन्यात जळगावला समुद्राचं प्रदर्शन भरवायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली, ते मी विचारलं नाही. माझं काम चित्रं टांगायचं. दोरा, लेव्हल, खिळे आणि लाइटचा कोन, यापलीकडे कलादालनात मला फारसं कुणी काही विचारतही नाही.

टेम्पो सकाळी सातला आला. आदल्या दुपारी धुळ्याच्या अलीकडे टायर फुटला म्हणून चार तास उन्हात उभा होता. पारा 44 वर, त्यात बंद टेम्पो. जलरंगाची चित्रं सुखरूप निघाली. मुख्य खोका उघडला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. आतलं बैलगाडीच्या चाकाएवढं कासव तुटलं होतं. ग्लूगनचा गोंद मऊ पडून पुढचा एक पाय गळाला होता, पाठीचा एक तुकडा निसटून आतला माल खोक्यात सांडला होता. बाटल्यांची झाकणं, चपलेचा तळवा, दोऱ्यांचे गुंते. वरून निळंहिरवं नायलॉनचं जाळं. वास थेट आठवडी बाजारातल्या बोंबलाच्या पाटीचा.

उद्घाटन संध्याकाळी पाचला. कलाकार मॅडम मुंबईहून दहाच्या गाडीने येणार. मी बाइंडिंग वायर घेऊन पाय बांधायला बसलो आणि सांडलेलं गोळा करायला वॉचमन नानांना बोलावलं. नाना यावल तालुक्यातले. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या केळीत बटाईने राबण्यात गेलं, गुडघे गेले तेव्हा आमच्या दारावर खुर्ची टाकून बसले.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मान वर केली तर हातात हातभर लांबीची काळी नळी. उन्हाने विटून राखाडी झालेली, एका बाजूला शिंपल्यांचा पांढरा खर चिकटलेला. नानांनी अंगठ्याने चाचपत एक छिद्र शोधलं आणि तिथून वीत लावली. एक, दोन. दुसऱ्या वितीच्या टोकाशी दुसरं छिद्र.

“ही तं आपली ठिबकची नयी हाये, भो.”

आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. नानांनी नळीचं तोंड उजेडाकडे धरून मला आत बघायला लावलं. आत चपटा ड्रिपर, शेवाळाने बुजलेला. केळीच्या शेतात अशा नळ्या मैलोगणती पसरलेल्या असतात. जुन्या झाल्या की भंगारात जातात, नाहीतर बांधावर पडून राहतात. बांधावरून नाल्यात जायला एक मुसळधार पाऊस पुरतो.

मॅडम आल्या. कासव बघून त्यांचा चेहरा पडला, पण आरडाओरडा केला नाही. मुकाट्याने माझ्यासोबत वायर पिळायला बसल्या. नानांनी नळी पुढे केली. ही कुठं घावली?

“डुमसला, काका. सुरतजवळ. जाळं कोकणातलं आहे, पण पोटातलं बरंचसं डुमसच्या किनाऱ्यावर वेचलं.”

“म्हंजी तापीच्या तोंडाशी.”

मग जे सुरू झालं ते मी टांगलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा बघण्यासारखं होतं. मॅडम म्हणाल्या, सुरतेकडेही ऊस-केळीला ठिबक आहेच, ही नळी तिकडचीच असेल. शिवाय मध्ये उकाई धरण. मला त्यांचंच पटत होतं. नाना ऐकेनात. आपल्याकडच्या तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की झाडं, म्हशी, काय काय वाहत जातं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. आणि 2006 साली उकाईतून पाणी सोडलं तेव्हा अर्धी सुरत बुडाली, ते पाणी कुठलं होतं? नळीवर कुणाचं नाव नव्हतं. वाद मिटला नाही.

कासवाबद्दल मात्र नाना विचारतच राहिले. पाण्यातला जीव जाळ्यात मरतो कसा? मॅडमनी सांगितलं, कासवाला आपल्यासारखीच फुप्फुसं असतात. जाळ्यात अडकलं की श्वास घ्यायला वर येता येत नाही, आणि ते पाण्यातच बुडून मरतं. जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला आपलं सरकार 2018 पासून 25 हजारांपर्यंत भरपाई देतं.

“पंचनामा कोन करतं?”

“सोडतानाचे फोटो नाहीतर व्हिडिओ दाखवावे लागतात.”

“मंग आमच्या पीकविम्यापेक्षा बरं,” नाना म्हणाले, आणि मॅडम पहिल्यांदा हसल्या.

साडेचारला पाटी लावायला घेतली. त्यावर छापलं होतं: मासेमारीचं जाळं, झाकणं, प्लास्टिक पाइप. नानांनी पाइपवर बोट ठेवलं. आपल्याकडं याले पाइप कोनी म्हनत नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी धावत ऑफिसात जाऊन ‘ठिबकची नळी’ असं नवं छापून आणलं. कटर सापडेना, कात्रीने कापलं. कड वाकडी गेली ती शेवटपर्यंत तशीच राहिली. नळी पोटात परत न कोंबता, अर्धी बाहेर लोंबेल अशी मॅडमनी स्वतः बांधली.

प्रदर्शन नऊ दिवस चाललं. ‘हात लावू नये’ची पाटी मी दुसऱ्याच दिवशी काढून ठेवली. रावेर-सावद्याकडची माणसं यायची, लाटांच्या चित्रांवरून भराभर पुढे सरकायची, कासवापाशी थांबायची. पाटी वाचून झाली की वाकून त्या नळीला वीत लावायची.