दहा ते एक दार का बंद असतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भिशीत विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत, आणि परवा माझ्या मावसबहिणीनं फोन करून विचारलं. तेही संध्याकाळी, कारण सकाळी तिचा फोन मी घेतला नव्हता. "सकाळी दहा ते एक तुझं दार बंद, फोन बंद. घरातच तर असतेस, मग एवढं काय असतं?" विचारताना आवाजात काय असतं ते मला कळतं. बाई शिष्ट झाली, चार पैसे दिसायला लागल्यावर माणसं नकोशी झाली, हेच तुम्हाला म्हणायचं असतं. आजवर हसून टाळलं. आता एकदाचं सगळं सांगते.

काम असतं ते शाळेच्या गणवेशांचं. सोलापुरात हा धंदा केवढा आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, निम्म्या गल्लीचं पोट त्यावर आहे. पार्टीकडून, म्हणजे माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडून, ताके येतात, कटिंग मी घरी करते, चौघीजणी आपापल्या घरी शिवतात, काज-बटणाला माल परत माझ्याकडे येतो. तुम्ही मला मशीनवर बसलेली पाहिलं आहे. शिवताना बोलता येतं, मी बोलतेही. दहा ते एक मात्र मी शिवत नाही, कापते.

ताका उलगडून टेबलावर थरावर थर अंथरायचा. कडेला कड जुळवायची, सुरकुती तळहातानं मोडत न्यायची. चेक्सचं कापड असेल तर वरच्या थराची रेघ खालच्या रेघेवर बसली पाहिजे, नाहीतर शिवल्यावर खिसा एकीकडे आणि छाती एकीकडे दिसते. मग फर्मे, म्हणजे मापाचे कापलेले नमुने, मांडायचे. मोठे आधी, उरलेल्या जागेत बाही, कॉलर, खिसा, म्हणजे चिंधी कमी निघते. खडूनं आखायचं आणि मग कापायचं मशीन फिरवायचं. एका फेरीत सगळे थर कापले जातात, त्यामुळे चूक झाली तर ती एका शर्टाची नसते, अख्ख्या थप्पीची असते. फर्मे मांडताना डोक्यात सतत हिशेब चालू असतो: अठ्ठावीस नंबरचे किती झाले, तिसाचे किती राहिले, या पट्ट्यात चौतीसची पाठ बसेल का. तेवढ्यात "वहिनी, आहात का?" अशी हाक आली की तो हिशेब मोडतो. परत येऊन पहिल्यापासून मोजावं लागतं. तुमची पाच मिनिटं असतात, माझा अर्धा तास जातो. हे मी वाढवून सांगत नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, इथल्या लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून हे गाव भोंग्यावर उठायला आणि भोंग्यावर जेवायला शिकलं. मामा पाळीवर गेले की त्यांना भेटायला कुणी जात नसे. पाव्हणे आले तर सासूबाई म्हणायच्या, "पाळी सुटू द्या, येतील," आणि पाव्हणे निमूट चहा घेत बसायचे. १९४८ च्या कारखाने कायद्यानंही मामांचे तास बांधून दिले होते. आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर मध्ये अर्धा तास सुट्टी. गेटवर वॉचमन होता. आत जाऊन "जरा बाहेर या, पाच मिनिटं बोलायचंय" असं मामांना म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि त्यांना शिष्ट कुणी म्हटलं नाही.

माझ्या कामाला गेट नाही. घरात बाई दिसली की ती मोकळीच आहे असं सगळे धरून चालतात. सरकारनं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. ती २८९ मिनिटं माझीही जातात, स्वयंपाक, भांडी, डबे, सासूबाईंची औषधं यांत. राहिलेल्यातले तीन तास मी कोंडून घेतले. गेट नव्हतं, ते मीच लावलं: दार लोटलं आणि त्यावर 'दहा ते एक बंद' अशी पाटी लावली.

बाकीचं सोपं होतं, त्यावर फार लिहीत नाही. फोन डू नॉट डिस्टर्बवर टाकला, मोजके नंबर तेवढे वाजतात: सासूबाई, पोरांची शाळा आणि गल्लीतली एक मुलगी. सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांचे स्टेटस बघायची सवय सोडली, आणि त्यावाचून माझं काहीही अडलं नाही. दोरा संपला, चल मधला मारुतीच्या बाजारात. बटण कमी पडलं, परत मधला मारुती, असं रोज चालायचं. आता भिंतीवर यादी लावली आहे, आठवड्यातून एकदा जाते. दुपारी बघितलेली मालिका रात्री पुन्हा बघायचे, तीही बंद केली. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्यानं एक रीत सांगितली, पोमोडोरो म्हणून. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसानं कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ती काढली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. करून बघितली. अभ्यासाला चांगली असेल. अर्धे थर अंथरलेले असताना घंटा वाजली तर कापड तसंच टाकून उठता येत नाही.

आणि ते 'वेळेचं नियोजन' शिकवणारे व्हिडिओ मला पाठवू नका. ते बनवणाऱ्याच्या नळाला रोज पाणी येत असणार. उजनी धरण भरलं तरी आपल्याकडे पाणी काही दिवसांआडच येतं, आणि पाणी सोडणारा चावीवाला पहाटे येईल की भर दुपारी, ते सांगता येत नाही. त्या दिवशी माझं दहा ते एक मोडतं आणि ते मी मोडू देते. फोनवर गल्लीतल्या मुलीचा नंबर ठेवला आहे तो याचसाठी. तिनं "काकू, पाणी" म्हटलं की खडू खाली ठेवायचा. सोलापुरातल्या बाईनं वेळ वाया घालवला असं कुणी म्हणालं, की नळाखाली घागर धरून उभ्या राहिलेल्या त्या वेळेचा हिशेब आधी मांडा, असं मला म्हणावंसं वाटतं.

आता अक्कांचं. मागून तुम्ही तेच बोलता, मला माहीत आहे.

अक्का आमच्या मागच्या खोलीत राहायच्या. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. विड्या वळायच्या. माझा थोरला तान्हा होता तेव्हा मी शिवायला बसले की तो त्यांच्या मांडीवर असायचा, सूप बाजूला सारून. पुढे पोरं मोठी झाली आणि अक्का रोज साडेदहाच्या सुमाराला सूप घेऊन आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायला लागल्या. भिजवून कापलेली पानं ओल्या फडक्यात, तंबाखू सुपात, दोऱ्याचं रीळ पायाच्या बोटाशी. पान घ्यायचं, चिमूट पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. हाताकडे न बघता. तोंडानं बोलणं चालू: सुनेचं, जावयाचं, कारखान्यात आज किती विड्या नापास केल्या त्याचं. तंबाखू उडते म्हणून त्यांना पंखा चालायचा नाही. वरचा थर हलतो म्हणून मलाही नको असायचा. मे महिन्यात दोघी घामानं निथळत आपापलं काम करायचो.

त्यांच्या हातांना बोलण्याचा त्रास नव्हता. माझ्या डोक्याला होता. त्या सीझनला मी सकाळभर ऐकत कापायचे आणि रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा मोजत बसायचे. डोळे चुरचुरायचे. एका पार्टीनं माल उशिरा पोचला म्हणून पैसे अडकवले आणि पुढचा लॉट दुसरीकडे दिला. अक्कांचं बोलणं हे त्याचं एकच कारण नव्हतं. पण सकाळ मोकळी असती तर माल वेळेत गेला असता, हेही खरं.

म्हणून एके दिवशी त्या येऊन बसल्या, पानं काढली आणि मी म्हणाले, "अक्का, उद्यापासून दहा ते एक नका येत जाऊ. कटिंग असतं. एकनंतर या, संध्याकाळी या, जेवायलाच या की."

त्या हातातली विडी वळत होत्या. ती पुरी केली, दोरा बांधला, तोंड मुडपलं, जुडीत ठेवली. मग म्हणाल्या, "मी कुठं तुझा वेळ घेते ग? तू तुझं काम करतेस, मी माझं करते."

मी म्हणाले, "तसं नाही अक्का, बोलण्यात लक्ष जातं."

"मग नाही बोलणार. गप बसते."

मी काही बोलले नाही. तिथं 'बरं, गप बसा' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही, कारण त्या दोन दिवस गप बसतील आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होईल हे मला दिसत होतं. त्यांनी पानं फडक्यात गुंडाळली, सूप उचललं. दारात थांबून विचारलं, "मग दहा ते एक मी कुठं बसू?"

त्यांची खोली पत्र्याची होती. उन्हाळ्यात दहानंतर त्या खोलीत कुत्रंही थांबत नाही. आमचा स्लॅब आहे. आणि एकनंतर या म्हणण्याला काही अर्थच नव्हता, कारण दुपारी त्यांना विड्या कारखान्यात जमा करायला जावं लागायचं. त्यांच्या कामाची वेळ आणि माझ्या कामाची वेळ एकच होती. हे मला तेव्हा माहीत होतं. माहीत असून मी बोलले.

त्या म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या लिंबाखाली बसायला लागल्या. भांडल्या नाहीत. शेंगांची चटणी कांडली की पूर्वीसारखी वाटीभर यायची, पण नातवाच्या हातून. संध्याकाळी मी बोलवायचे, तर "स्वैपाक आहे," म्हणायच्या. पुढे त्या कुंभारीला लेकीकडे राहायला गेल्या, विडी कामगार बायकांच्या घरकुलात. दहा हजार घरांची वसाहत आहे ती, बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली. लेकीचं घर पक्कं आहे, हे बघून मला बरं वाटलं. मी भेटायला गेले. चहा दिला, पोरांची चौकशी केली. सूप मांडीवर होतंच. पण दर थोड्या वेळानं म्हणायच्या, "तुला उशीर होत असेल ना? तुझं काम असेल." काळजीनं म्हणत होत्या की मला माझंच परत देत होत्या, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दोघीजणी भांडतात. पूर्वीची मी म्हणते, माणसं आधी, काम काय होतंच. तिला मी सांगते, बाई, काम होत नव्हतं. तू रात्री जागून ते करत होतीस, सकाळी पोरांवर ओरडत होतीस, आणि नवऱ्यानं "लवकर झोप" म्हटलं की त्याच्यावरही खेकसत होतीस. आता लॉट वेळेत जातात, पैसे वेळेत येतात, रात्री मी पोरांच्या ताटाशी बसते. हे सगळं त्या तीन तासांतून आलं. त्यावर ती म्हणते, तुझ्या पोराला मांडीवर घेऊन अक्कांनी किती विड्या कमी वळल्या असतील? त्यांची हजारावर मजुरी होती, त्या तासांचे पैसे त्यांना कुणी दिले? यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि उत्तर नाही म्हणून दार उघडं ठेवावं, हेही मला पटत नाही. नवरा म्हणतो, नुसता पडदा लाव. लावून बघितला. पडद्याला कुणी विचारत नाही.

धाकट्या जावेनं यंदा शिवणकाम सुरू केलंय. तीही विचारायला आली, मी पण पाटी लावू का? फोनचं म्हटलं, आजच कर, उद्यावर टाकू नकोस. दाराचं विचारलं तेव्हा तिला अक्कांचं सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच, आणि म्हटलं, तुझं तू ठरव. तिनं अजून पाटी लावलेली नाही. मी माझी काढलेली नाही.