तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांच्या मोबाईलवर बंदी का नाही?

लग्नाच्या फोटोंचं काम द्यायला आलेली जोडपी विचारतात, या धंद्यात नवीन आलेली पोरं विचारतात. एकदा तर एका पाहुण्यानेच, हातात मोबाईल धरून, माझ्या लेन्सपुढे उभं राहून विचारलं, "लोक असे मध्ये येतात, तुम्ही बंदी का नाही घालत?"

घालत होतो. करारात तसं कलमच होतं आणि मी ते मोठ्या ऐटीत वाचून दाखवायचो.

माझी बाजू आधी सांगतो, कारण ती खोटी नाही. मोबाईलची मुख्य लेन्स वाइड असते, म्हणजे समोरचं खूप काही एकदम घेणारी. चेहरा मोठा हवा तर माणसाला पुढे सरकावंच लागतं. मी ७०-२००, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावून लांब उभा असतो. म्हणजे पाहुण्याला फोटो चांगला यावा असं जितकं वाटेल, तितकी त्याची पाठ माझ्या फ्रेममध्ये. यात उद्धटपणा नसतोच बऱ्याचदा. फ्लॅशचं दुखणं निराळं. माझे कोपऱ्यातले लाइट पूर्वी ऑप्टिकल स्लेव्हवर असायचे, दुसरा फ्लॅश दिसला की उडणारे. कुणा हौशी मामांच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की माझेही लाइट उडायचे, आणि मी बटण दाबेपर्यंत ते चार्ज होत बसलेले. रेडिओ ट्रिगर घेतले, म्हणजे लाइट फक्त माझ्या कॅमेऱ्याच्या सिग्नलवर उडणारे, ते संपलं. पण ग्रुप फोटोत समोर दहा मोबाईल असले की डोळे दहा दिशांना, त्याला काय घेणार? तिथे मी आजही सांगतो, "आधी माझा, मग तुमचे." बहुतेक ऐकतात.

आता एक लग्न सांगतो. मुलगी दारातून आत येत होती. वडील समोरच उभे होते, आणि मला हवा होता तो त्यांचा चेहरा. तिच्या खांद्यामागून फ्रेम लावून ठेवली होती. वडिलांनी खिशातून मोबाईल काढला आणि चेहऱ्यासमोर धरला. दोन्ही हातांनी, सवय नसलेली माणसं धरतात तसा. मी खुणा केल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. मुलगी चार पावलांवर आली आणि मी ओरडलो, "काका, मोबाईल खाली!"

त्यांनी दचकून खाली घेतला. मी क्लिक केलं. फोटोत डोळे ओले, तोंड जरासं उघडं. हॉल शांत झाला होता, तेही आठवतंय.

जोडप्याने अल्बममध्ये तो फोटो पूर्ण पानभर घेतला. मुलगी म्हणाली, "बाबा कधी रडत नाहीत हो. किती भरून आलंय बघा त्यांना." मी मान हलवली. ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होते. चारचौघांत ओरडा खाल्लेल्या माणसाचा तो चेहरा होता. निदान मला तरी तसाच दिसतो.

त्या दिवसापासून बंदी काढली असं म्हणणं सोयीचं आहे, पण कलम त्यानंतरही दोन वर्षं होतं. तेव्हाचा मी अजूनही भांडतो: मोबाईल नसता तर बापाने लेकीला डोळे भरून पाहिलं असतं. खरंय. पण मोबाईल होता तेव्हाही ते तिच्याकडेच बघत होते, स्क्रीनवर का होईना. नजर हलवली ती मी. आणि तरीही, समोर पाठ आली की माझा जबडा आवळतो. परवाच एकाला कोपराने सरकवलं. त्याची लाज वाटली का? तेव्हा नाही.

अल्बम न्यायला वडील एकटेच आले होते. त्या पानावर थांबले. "हा तुम्ही ओरडलात तेव्हाचा ना?"

"हो."

"तिला सांगू नका," म्हणाले, आणि पान उलटलं.

त्यांच्या मोबाईलमधला तो व्हिडिओ मी मागितला नाही. मुलगी चार पावलं चालत येत असेल, मग माझा आवाज, आणि मग नुसती जमीन.