पावसात वाढणारा आणि पावसात थांबणारा आवाज

गाडी २००४ सालची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली, गगनबावड्याकडच्या पावसात वर्षानुवर्षं भिजलेली. जुलैमध्ये कोल्हापुरात गॅरेजला आली तेव्हा तक्रार एका ओळीची होती: "मिस्त्री, पुढनं चिमणी ओरडल्यासारखा आवाज येतोय." दोन महिन्यांत दोनदा फॅन बेल्ट बदलून झाला होता, एकदा कुणीतरी बेल्टवर तेल मारून दिलं होतं, आणि चिमणी होती तिथंच होती.

आवाजाच्या कामात पाना उचलण्याआधी विचारायचं असतं. गार इंजिनवर येतो की तापल्यावर? गाडी उभी असताना की चालताना? ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरवलं, खड्ड्यात चाक गेलं, तर काय फरक पडतो? गाडीचे मालक, म्हणजे सर, म्हणाले, "पाऊस असला की जास्त येतो." शेजारी उभ्या बाई लगेच म्हणाल्या, "छे, पावसात तर बंदच होतो! ऊन पडलं की सुरू." दोघांचं तिथंच जुंपलं. मला मात्र त्या वादातच खरा धागा मिळाला. दोघंही बरोबर असतील तर आवाज एक नव्हता. ओलाव्यानं वाढणारा आवाज बहुधा बेल्टचा असतो आणि ओलाव्यानं गप्प होणारा कोरड्या पडलेल्या रबरी बुशचा, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीचा.

म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. बॉनेट उघडलं नाही, गाडी धुतलीही नाही. धुतलेल्या गाडीत निम्मे आवाज तात्पुरते मरतात आणि दिवस फुकट जातो. तेवढ्यात डिकी रिकामी केली, जॅक आणि टूलकिट बाहेर काढलं, स्टेपनीचा बोल्ट आवळला, नंबर प्लेट हलवून पाहिली, मागच्या सीट बेल्टची बकलं लॉक केली. अशा चिल्लर गोष्टींनी मोठमोठी इंजिनं उघडायला लावल्याचं पाहिलंय.

सकाळी सातला गार इंजिन चालू केलं आणि पहिली चिमणी बोलली. चिव्-चिव्-चिव्, तालात. रेस वाढवली की ताल तितकाच जलद. बेल्ट घसरतो तेव्हा लांब किंचाळी निघते, ती हेडलाइट, एसी लावून भार टाकला की वाढते. ही तशी नव्हती. तुटक आणि नियमित होती. स्प्रेच्या बाटलीतून बेल्टच्या रेघांच्या बाजूवर लांबूनच थोडंसं पाणी मारलं. आवाज लगेच थांबला आणि काही सेकंदांत परत आला. या चाचणीचा अर्थ ठरलेला आहे: पाण्यानं आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय, थांबून परत आला तर पुल्या (बेल्ट ज्यांवर फिरतो ती चाकं) एका रेषेत नाहीत. सरांना पावसात जास्त ऐकू यायचा तो हाच: दमट हवेत वाढतो, थेट पाणी मारलं की क्षणभर थांबतो.

बेल्ट उतरवून इंजिन वीसेक सेकंद चालवलं. आवाज गेला. (ज्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तिथं अर्ध्या मिनिटापलीकडे असं चालवू नये.) मग क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या ज्या पुलीनं बेल्ट फिरतो तिच्या) तोंडाला सरळ लोखंडी पट्टी लावली. अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची) पुली ४ मिमी पुढं आलेली. दोन पुल्यांमधली बेल्टची मोकळी लांबी १७० मिमी, म्हणजे बेल्ट सव्वा अंशापेक्षा जास्त तिरका पुलीत शिरत होता. एक अंश ओलांडला की बहुतेक बेल्ट बोलायला लागतात, कारण प्रत्येक रेघ खाचेच्या भिंतीला घासत आत उतरते. बेल्ट दोनदा नवा टाकूनही काही झालं नाही ते यामुळंच. अल्टरनेटरच्या खालच्या लांब बोल्टवरचा जाड वॉशर बेल्ट बदलताना निघाला असणार आणि पुढच्याऐवजी मागच्या बाजूला बसला होता.

आवाज जाईना म्हणून बेल्ट वीणेच्या तारेसारखा ताणलाही होता. त्याचा हिशोब अल्टरनेटरच्या बेअरिंगनं चुकवला. पुली हातानं फिरवली तर आत वाळू असल्यासारखी खरखर लागली. बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचून दोन्ही बाजूंनी सीलबंद असलेली नवी जोडी टाकली. तेल प्यालेला बेल्ट मात्र वाचत नाही, रबर फुगतं आणि रेघा मऊ पडतात. तो फेकला, पुल्यांच्या खाचा ब्रेक क्लीनर आणि नायलॉनच्या ब्रशनं साफ केल्या, वॉशर जागेवर घातला आणि नवा बेल्ट मधोमध साधारण १० किलोच्या जोरानं ६ ते ८ मिमी दबेल इतका ताणला. हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, मॅन्युअल बघूनच घ्यावा. बेल्टवर तेल, पावडर, साबण काहीही मारू नका. आवाज दोन दिवस जातो आणि दोष तसाच आत राहतो.

सरांना वाटलं काम झालं. त्यांना गाडी चालवायला लावून मी शेजारी बसलो, काचा खाली, कंपाउंडच्या भिंतीलगत. भिंत आवाज परत फेकते, त्यामुळं कुठल्या बाजूचा आहे ते कळतं. डावी बाजू भिंतीकडं असताना दुसरी चिमणी स्पष्ट ऐकू आली. वेग ताशी २०, आणि सेकंदाला साधारण तीन चिवचिवाट. १५५/८० आर १३ टायरचा घेर सुमारे १.८ मीटर, ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजेच चाकाचे तीन फेरे. एका फेऱ्याला एक आवाज. गाडी न्यूट्रलला टाकून रेस सोडली तरी ताल तोच, म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. आधी प्लास्टिकचे व्हील कव्हर काढून पाहिले, कारण ती चाचणी फुकटात होते. फरक नाही. ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि आवाज बंद.

डावं पुढचं चाक काढल्यावर कारण समोरच होतं. आतल्या ब्रेक पॅडचा माल जेमतेम २ मिमी उरलेला आणि पॅडला लावलेली इशाऱ्याची लोखंडी पट्टी डिस्कला टेकलेली. ती असते ओरडण्यासाठीच. पण बाहेरच्या पॅडला अजून ६ मिमी माल होता, आणि हा फरक दिसल्यावर नुसते पॅड बदलून चाक बसवणं म्हणजे काम अर्धवट टाकणं. कॅलिपरची (दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) खालची, सरकती स्लाइड पिन गंजून अडकली होती, रबरी बूट फाटून आत पाणी गेलेलं. त्यामुळं सगळा जोर आतल्या पॅडवर. पिन काढून पॉलिश पेपरनं साफ केली, बूट नवे घातले, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं चासीचं ग्रीस इथं चालत नाही, त्यानं बुटाचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. डिस्कची जाडी मायक्रोमीटरनं मोजली. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेशी होती. पॅड दोन्ही चाकांचे बदलले.

आता बाईंचा आवाज राहिला. स्पीड ब्रेकरवर कुरकुर, जुन्या खाटेसारखी. गाडी रॅम्पवर चाकांच्याच आधारावर घेतली, कारण जॅकवर चाकं लोंबली की बुशवरचा भार बदलतो आणि कुरकुर लपते. गॅरेजमधल्या पोरग्याला बंपरपाशी उभं करून गाडी खालीवर दाबायला सांगितलं आणि एकेका बुशवर पाणी मारत गेलो. एका वेळी एकच, मध्ये दहा-बारा वेळा दाबून ऐकायचं. लोअर आर्मचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) पुढचे बुश, फरक नाही. मागचे, नाही. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचा कल कमी करणाऱ्या रॉडच्या) डाव्या डी-बुशवर पाणी पडताच कुरकुर गेली. रॉडवर बुशच्या जागी चकचकीत घासलेला पट्टा, बाजूला गंजाचे पापुद्रे. गंज काढून दोन्ही नवे बुश सिलिकॉन ग्रीसवर बसवले.

तक्रारीतलं काम इथं संपत होतं. गाडी खाली घेण्यासाठी पोरग्यानं स्टिअरिंग सरळ केलं, इंजिन बंद होतं, आणि चाकाजवळून एक दबका, जाड 'कर्र' आला. सर किंवा बाई, दोघांपैकी कुणीही या आवाजाबद्दल बोललं नव्हतं. इंजिन चालू असताना तो ऐकूच येत नव्हता. पोरग्याला स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडं करायला लावलं आणि मी बोटं ठेवत गेलो. आधी स्प्रिंगवर, कारण शॉकअपच्या वरचं बेअरिंग अडकलं की स्प्रिंग पिळून एकदम सुटते आणि तो झटका बोटाला कळतो. नव्हता. टायरॉड एंडवर (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर) काही नाही. उजव्या खालच्या बॉल जॉइंटवर, म्हणजे लोअर आर्म आणि चाक धरणारा नकल यांच्यातल्या गोल सांध्यावर, बोट ठेवलं तेव्हा प्रत्येक 'कर्र'बरोबर आतली घासट हाताला लागली.

रबरी टोपी एका बाजूनं चिरलेली, आत ग्रीसच्या जागी तांबडा चिखल. या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये गाडीचं वजन स्प्रिंग आणि शॉकअपवर असतं, खालच्या बॉल जॉइंटवर नाही. म्हणून जॅक चासीला लावून चाक लोंबतं ठेवलं आणि लोअर आर्म व नकल यांच्यामध्ये पहार घालून उचकटलं. जॉइंटची खुंटी सॉकेटमध्ये डोळ्यांना दिसेल इतकी वरखाली झाली. आवाजाचा शोध तिथंच थांबवला आणि सरांना खाली बोलावून दाखवलं. हा सांधा सुटला तर आर्म नकलपासून वेगळा होतो, चाक बाहेरच्या बाजूला कोलमडतं आणि स्टिअरिंगला त्याच्याशी काही देणंघेणं उरत नाही. सर रोज करूळ घाट उतरत होते.

या गाडीत बॉल जॉइंट आर्ममध्येच दाबलेला, म्हणून पूर्ण लोअर आर्म बदलला. इथं दोन चुका फार होतात. नटाची खाच खुंटीतल्या स्प्लिट पिनच्या (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनच्या) भोकाशी जुळत नसेल तर नट मागं फिरवायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. आणि आर्मच्या बुशचे बोल्ट चाक लोंबतं असताना शेवटचे आवळायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या लोखंडी बाहीला चिकटलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली ठेवताच ते कायमचं पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं आणि नवी कुरकुर घेऊन येतं. बोल्ट हातानं लावले, गाडी चाकांवर उभी केली, दोन-तीनदा दाबून बसू दिली, मग टॉर्क पान्यानं आवळले. त्यानंतर व्हील अलाइनमेंट.

गाडी आणखी एक रात्र ठेवली, कारण गार इंजिनाची चिमणी गेली का, हे गार इंजिनावरच कळतं. सकाळी बेल्टवर पाणी मारून पाहिलं, भार टाकून पाहिला, सरांना आणि बाईंना बसवून तीन स्पीड ब्रेकर घेतले. ५०० किलोमीटरनंतर बेल्टचा ताण तपासायला या, असं सांगितलं.

जुना बॉल जॉइंट सरांच्या हातात दिला. चांगल्या सांध्याची खुंटी बोटानं हलत नाही, ताठ असते. ही बोटाच्या धक्क्यानं इकडून तिकडं लोळत होती. बाईंनी तो घेतला, कानाजवळ नेऊन हलवला आणि म्हणाल्या, "आणि हा एवढे दिवस काहीच बोलला नाही?"

"बोलत होता. इंजिन बंद करून ऐकायला हवं होतं," मी म्हणालो.