जन्मतारखेची ओळ

मागच्या आठवड्यात मी माझ्या रेझ्युमेतली जन्मतारीख डिलीट केली. करताना हात थोडा थबकला, कारण ती ओळ माझ्या पहिल्या नोकरीपासून तिथे होती. शेवटी पर्सनल डिटेल्स म्हणून एक चौकट, त्यात जन्मतारीख, मग विवाहित की अविवाहित, मग छंद, आणि पुढे कधीतरी मीच त्यात दोन मुलं असंही जोडलं होतं. कुणी मागितलं होतं का? नाही. पहिला रेझ्युमे एका सीनियर मुलीच्या फाइलवरून कॉपी केलेला, तिच्यात हे सगळं होतं म्हणून माझ्यात आलं, नंतर दरवेळी नोकरी बदलताना वरचा अनुभव वाढवत गेले आणि ही चौकट तशीच राहिली.

आता वय 47. आमचं डिपार्टमेंट बंद झालं, चार महिने अर्ज करतेय. बहुतेक ठिकाणहून उत्तरच येत नाही, आणि उत्तर न येण्याचं कारण कधी कळत नाही हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

पण मला जास्त छळतंय ते वेगळंच. मी स्वतः टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे. दहा वर्षं झाली असतील, आमच्या टीममधे एक जागा भरायची होती, शंभरेक रेझ्युमे आले आणि मला सांगितलं की आधी छाटणी कर, मग नीट वाचू. छाटणी कशावर करायची ते कुणी सांगितलं नाही. मी पेन्सिल घेऊन बसले आणि जन्मतारखांना गोल करायला लागले, कारण अनुभव वाचायला पाच मिनिटं लागतात आणि तारीख एका नजरेत कळते, आणि दिवसभराची कामं पडलेली असताना माणूस जे पटकन कळतं त्यावरच निर्णय घेतो. एक जण 51 वर्षांचा होता. त्याचा कागद मी बाजूला ठेवला. जागा भरून झाल्यावर गठ्ठा श्रेडरमधे टाकायच्या आधी सहज चाळला तेव्हा दिसलं की आम्हाला जे सॉफ्टवेअर येणारा माणूस हवा होता ते त्याने सहा वर्षं वापरलेलं, दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलेलं. मी दुसऱ्या पानापर्यंत गेलेच नव्हते. ती तारीख तिथे नसती तर गेले असते. म्हणून हे लिहितेय.

हे फक्त माझ्या हातून झालेलं नाही, यावर नीट प्रयोग झालेत. अमेरिकेत डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोटे रेझ्युमे तयार करून 40,000 हून जास्त अर्ज पाठवले, साधारण तिशीचे, पन्नाशीचे आणि पासष्टीचे उमेदवार दाखवून, आणि वय वाढलं की कॉल कमी येतात हे दिसलं, त्यातही बायकांच्या बाबतीत जास्त ठळकपणे. दुसरा प्रयोग शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांचा, 2007 मधे छापून आलेला. सारख्या पात्रतेच्या दोन बायका, फरक एवढाच की एकीच्या रेझ्युमेत ती शाळेच्या पालक संघटनेत काम करते असा उल्लेख होता, म्हणजे ती आई आहे हे कळत होतं. मूल नसलेल्या बाईला दुपटीहून जास्त कॉल आले. वडिलांचं मात्र मूल असल्यामुळे काहीच बिघडलं नाही. हे वाचल्यावर मी त्या दोन मुलं या शब्दांकडे बराच वेळ बघत बसले. अभिमानाने लिहिले होते ते मी.

कायद्याचं म्हणाल तर देशादेशात फरक आहे. अमेरिकेत 1967 पासून चाळिशीच्या पुढच्या लोकांना वयावरून नाकारण्याविरुद्ध कायदा आहे, पण तो नुसती जन्मतारीख विचारायला बंदी करत नाही, म्हणून कनेक्टिकट राज्याने 2021 मधे अर्जात वय विचारण्यावर वेगळी बंदी आणली. ब्रिटनच्या 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टमधे वय येतं, जर्मनीत 2006 चा कायदा आहे, तिथे रेझ्युमेवर फोटो लावायची जुनी पद्धत अजून बरेच जण पाळतात पण कंपनीला फोटोचा हट्ट धरता येत नाही. सगळं चांगलं आहे. पण मला पेन्सिलने गोल करताना कुणी पकडू शकलं असतं का? ज्याला उत्तरच आलं नाही तो सिद्ध काय करणार. म्हणून मला वाटतं की तारीख मुळात त्या कागदावर जाऊच नये.

नुसती ती ओळ काढून भागत नाही हेही लक्षात आलं. माझ्या ईमेल आयडीच्या शेवटी 78 होतं! डिग्रीपुढे पास झाल्याचं साल. वर सारांशात पंचवीस वर्षांचा अनुभव. कुणीही बोटावर मोजून वय काढेल. तर नवीन ईमेल काढला, डिग्री ठेवली आणि साल काढलं, शेवटच्या पंधरा वर्षांचं काम नीट तारखांसकट लिहिलं आणि त्याआधीच्या दोन नोकऱ्या एका ओळीत, तारखांशिवाय.

यावर माझी मोठी बहीण म्हणाली, अगं ही लपवाछपवी नाही का? मी दोन दिवस विचार केला, कारण तिचं म्हणणं मला लागलं होतं. माझं उत्तर असं की रेझ्युमे म्हणजे काही माझं आयुष्य नाही, या कामाला लागणाऱ्या गोष्टी तेवढ्या त्यात असतात. मला कुठला आजार आहे, घरात कोण कोण आहे हे मी लिहीत नाही, तसंच वय. पण साल बदलून टाकणं, नोकरीच्या तारखा ताणून मधला गॅप बुजवणं, पद वाढवून सांगणं हे खोटं आहे, ते मी करणार नाही आणि कुणी करू नये, पुढे पडताळणीत उघडं पडलं तर हातातली नोकरी जाते. मुलं लहान असताना माझा दोन वर्षांचा गॅप होता, तो तसाच दिसतोय. दिसू दे. ऑनलाइन फॉर्ममधे कधीकधी जन्मतारखेशिवाय पुढचं पान उघडतच नाही, तिथे खरी तारीख टाकते आणि पुढे जाते, दुसरा इलाज नाही.

वय लागतंच अशी कामं आहेत, नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानाच्या वैमानिकाला 65 ची मर्यादा आहे, काही कामं अल्पवयीन मुलांना देताच येत नाहीत, आणि नोकरी पक्की झाल्यावर पगार, विमा, पेन्शनच्या कागदांना जन्मतारीख द्यावीच लागते. तेव्हा द्यायचीच. आधी नाही, एवढंच.

आणि एक, याचा वयाशी संबंध नाही पण राहवत नाही म्हणून लिहिते. पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, ओळखपत्राचा नंबर, फोटो, हे सगळं एका फाइलमधे घालून अनोळखी जाहिरातींना पाठवत सुटू नका. खोट्या जाहिराती टाकून हीच माहिती गोळा करणारे लोक आहेत. नंतर तुमच्या नावाने काय काय उघडलं जाईल याचा पत्ता लागत नाही. फोन, ईमेल आणि शहराचं नाव पुरे.

नवीन रेझ्युमे पाठवल्यावर परवा एक इंटरव्ह्यू झाला. त्यांनी समोर बघून विचारलं, तुमचा मॅनेजर तुमच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असेल, चालेल ना? प्रश्न आवडला नाही, पण निदान तो तोंडावर आला आणि मला उत्तर देता आलं. मी सांगितलं की माझा आधीचा मॅनेजर नऊ वर्षांनी लहान होता आणि मला डेटाबेसचं काम त्यानेच शिकवलं, शनिवारी थांबून. मग आम्ही वीस मिनिटं डेटाबेसवर बोललो. शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणालेत.